मामांच्या डोळ्याची नोंद कोणी ठेवायची?

मराठवाड्यातील एका विद्यापीठाच्या आवारात, रसायनशास्त्र विभागात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहे. फेब्रुवारीत एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांची तयारी चालू होती. विभागातील परिचर, ज्यांना विद्यार्थ्यांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळे ‘मामा’ म्हणतात, मोठ्या बाटलीतून तीव्र सल्फ्युरिक आम्ल काढून ते सौम्य करत असताना त्याचा शिंतोडा त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला. त्या दिवशी नळाला पाणी नव्हते. विद्यार्थ्यांनी आपल्या पिण्याच्या चार-पाच बाटल्या डोळ्यावर ओतल्या आणि मामांना दवाखान्यात नेले. डोळा वाचला, पण त्या डोळ्याने अजून धूसर दिसते. जूनमध्ये विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार असल्यामुळे विभागप्रमुखांनी अपघाताची कोठेही नोंद होऊ दिली नाही. मामा कंत्राटदारामार्फत नेमलेले आहेत, आणि काम जाईल या भीतीने त्यांनी दवाखान्यात ‘घरी इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी उडाले’ असे सांगितले. पत्रलेखिका विचारतात, “लेखी तक्रार केली तर जुलैमध्ये मला पुन्हा नेमणूक मिळणार नाही. गप्प बसले तर स्वतःला तोंड दाखवता येत नाही. घरचे म्हणतात, आपण कशाला मध्ये पडायचे? शिवाय मामा कधीच गॉगल घालत नसत, हेही खरे आहे. मग यात चूक कोणाची आणि मी काय करावे?”

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी त्या डोळ्याविषयी बोलू, कारण तक्रार करायची की नाही हे पुढच्या महिन्यातही ठरवता येईल, डोळ्याला मात्र तेवढी सवड नसते. रासायनिक इजेनंतर दोन महिन्यांनीही धूसर दिसत असेल, तर ‘हळूहळू बरे होईल’ असे म्हणून थांबणे योग्य नाही. पारपटलावर, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर, व्रण राहणे, डोळ्यातील दाब वाढणे, मोतीबिंदू होणे हे परिणाम उशिराही दिसू लागतात, आणि दाब वाढल्याचे रुग्णाला पुष्कळदा कळतही नाही. मामांनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्ररोग विभागात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या घाटीत किंवा नांदेड, लातूर, अंबाजोगाई यांपैकी जे जवळ असेल तेथे, लवकरात लवकर पुन्हा तपासणी करून घ्यावी.

या तपासणीच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना खरे सांगितले पाहिजे. बॅटरीतील आम्ल आणि तुमच्या कपाटातील आम्ल रासायनिकदृष्ट्या एकच असले, तरी बॅटरीत त्याचे प्रमाण साधारण एक तृतीयांशाच्या आसपास असते आणि प्रयोगशाळेतील बाटलीत 98 टक्के असते. डॉक्टर इजेच्या खोलीचा अंदाज रसायनाच्या तीव्रतेवरून आणि ते किती वेळात धुतले गेले यावरून बांधतात. मामांनी नोकरीसाठी जागा बदलून सांगितली, पण त्याबरोबर रसायनाची ताकदही बदलली गेली, याची त्यांना कल्पना नसावी. ही गोष्ट त्यांना समजावून सांगू शकेल अशी विभागातील व्यक्ती बहुधा तुम्हीच आहात.

आता चुकीविषयी. मामा गॉगल घालत नव्हते हे तुम्ही लिहिले आहे आणि ते मी नाकारत नाही. परंतु एवढ्यावर थांबण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारून पाहा. विभागात रसायनांपासून संरक्षण देणारे, बाजूंनी बंद असलेले गॉगल आहेत का, आणि मामांना चष्मा असल्यास ते चष्म्यावरून बसतात का? घामाने काच धूसर होते म्हणून ते काढून ठेवले जातात का? विभागप्रमुख, इतर प्राध्यापक आणि तुम्ही स्वतः आम्ल हाताळताना गॉगल घालता का? जेथे साहेब लोक उघड्या डोळ्यांनी वावरतात तेथे एकट्या परिचराने गॉगल घातला तर त्याची थट्टा होते, आणि थट्टेपुढे नियम फार काळ टिकत नाही. अडीच लिटरच्या बाटलीत नुसते आम्लच साडेचार किलोंहून अधिक भरते, त्यावर काचेचे वजन वेगळे. ती बाटली डोक्याच्या वरच्या फळीवर ठेवली असेल, तर ती तेथे ठेवण्याचा निर्णय कोणाचा होता? आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो. मामांना ते कधी कोणी बसवून सांगितले होते का, की बघून बघून त्यांनी ते उचलले?

या सगळ्यांहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, नळाला पाणी नसलेल्या दिवशी तीव्र आम्लाची बाटली उघडलीच का गेली? प्रात्यक्षिक त्या दिवशी ठेवायचे की पुढे ढकलायचे, हे मामांच्या हातात नव्हते. वेळापत्रक लावणाऱ्यांच्या हातात होते. गॉगल न घालणे ही मामांची चूक धरली, तरी ती या सगळ्या साखळीतील शेवटची कडी होती, आणि शेवटची कडी ज्याच्या हातात असते तोच आपल्याकडे नेहमी दोषी ठरतो.

पैसा नाही, पाणी नाही, म्हणून आपल्याकडे असे होते, हेही पुरते खरे नाही. लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठात डिसेंबर 2008 मध्ये 23 वर्षांची संशोधन साहाय्यक शेरी संगजी हवेच्या संपर्कात येताच पेट घेणारे रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला, तिचा कृत्रिम धाग्याचा स्वेटर पेटला, अंगात एप्रन नव्हता, आणि जानेवारी 2009 मध्ये तिचा मृत्यू झाला. त्या प्रयोगशाळेची अंतर्गत तपासणी दोनच महिने आधी झाली होती आणि लोक एप्रन घालत नाहीत ही त्रुटी तिच्यात लिहिलेली होती. ती वेळेत दूर केली गेली नाही. पुढे विद्यापीठावर आणि त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले, जे विद्यापीठीय प्रयोगशाळेच्या बाबतीत तोपर्यंत ऐकिवात नव्हते. आपल्याकडेही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डिसेंबर 2018 मध्ये प्रयोगशाळेत स्फोट होऊन एका तरुण संशोधकाचा जीव गेला. या संस्थांना निधीची ददात नाही. म्हणून ‘आपल्याकडे सोयीच नाहीत’ हे वाक्य विभागाच्या बैठकीत कोणी उच्चारले तर ते अर्धे खरे समजा.

तुम्ही स्वतःपुढे दोन वाटा ठेवल्या आहेत, तक्रार किंवा मौन. मला वाटते, पत्रातील ही मांडणीच तुम्हाला छळते आहे. तक्रार अर्ज कोणाविरुद्ध तरी असतो, त्यात चौकशीची मागणी असते, त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूचा अर्ज येतो, आणि मग दोन गट पडतात. अपघाताची नोंद वेगळ्या प्रकारचा कागद आहे. तारीख, वेळ, खोली, कोणते रसायन, काय घडले, कोण हजर होते, कोणते प्रथमोपचार किती वेळात झाले, पाणी होते की नव्हते, एवढेच तिच्यात यावे. विशेषणे नकोत, ‘निष्काळजीपणा’ हा शब्दही नको, विभागप्रमुख काय म्हणाले तेही नको. ही नोंद आजच स्वतःपुरती लिहून, खाली तारीख घालून ठेवा, कारण जूनपर्यंत तुमच्याही आठवणीतून मिनिटांचे हिशेब पुसट होतील. ती कोणाला द्यायची, हे नंतर ठरवता येते.

ते ठरवण्यात मामांचा शब्द पहिला असला पाहिजे. डोळा त्यांचा आहे आणि जाण्याची भीती असलेले कामही त्यांचेच आहे. त्यांच्या संमतीवाचून त्यांचे नाव असलेला कागद कुलगुरूंकडे पाठवणे, हेतू कितीही चांगला असला तरी, मला मान्य नाही. निनावी पत्राचा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. विभागात निनावी पत्राचा लेखक कोण याची चर्चा एका दिवसात सुरू होते आणि संशय सर्वांत दुबळ्या माणसावर जातो. येथे तो मामांवर जाईल.

मात्र मामांनी निर्णय घ्यावा तो माहिती असताना घ्यावा. कामावर इजा झालेल्या कामगाराला भरपाई मागता येते, हे तत्त्व आपल्या कायद्यात 1923 पासून आहे, आणि कंत्राटदारामार्फत नेमणूक झाली म्हणून ते आपोआप रद्द होत नाही. त्यांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, रक्कम कापली जात असेल तर उपचार आणि लाभ त्या योजनेतून मिळू शकतात, पण त्यासाठी इजा कामावर झाली हे कागदावर यावे लागते. ‘घरी बॅटरीचे पाणी’ हे वाक्य तेथे आडवे येईल, आणि जितके दिवस ते तसेच राहील तितके ते पुसणे अवघड होईल. आपल्या बाबतीत नेमके काय लागू होते, हे त्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारावे. तेथे मोफत सल्ला मिळतो, आणि नुसते विचारायला गेल्याने कोणावर दावा दाखल होत नाही. महिलांनाही, उत्पन्न कितीही असले तरी, तेथे मोफत विधी साहाय्य मिळू शकते, हे तुमच्यासाठी लिहून ठेवतो.

तुमच्या घरच्यांच्या म्हणण्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही. दर वर्षी नव्याने आदेश निघण्याची वाट पाहत शिकवणाऱ्या माणसाला ‘धैर्य दाखवा’ असे दुरून सांगणे सोपे असते. परंतु एक मर्यादा मी तुमच्यासाठी आखू इच्छितो. नॅकच्या तयारीत ‘विभागात आजपर्यंत एकही अपघात झालेला नाही’ अशा मजकुराच्या कागदावर सही मागितली गेली, तर ती करू नका. ‘मी त्या खोलीत हजर होते, त्यामुळे मला सही करता येणार नाही’, एवढे शांतपणे म्हणा आणि पुढे वाद घालू नका. गप्प राहणाऱ्याला पुढे बोलता येते, पण खोट्यावर सही केलेल्याला ती सही पाठ सोडत नाही. विभागप्रमुखांशी बोलण्याची वेळ आलीच, तर हेही सुचवून पाहा की समितीवर येणारे लोक स्वतः प्राध्यापक असतात. आम्ले आणि ज्वालाग्राही द्रव रोज हाताळणाऱ्या विभागाची अपघात नोंदवही वर्षानुवर्षे कोरी दिसली, तर प्रयोगशाळेत उभे राहिलेल्या माणसाचा तिच्यावर विश्वास बसत नाही. एक नोंद आणि तिच्याखाली ‘त्यानंतर केलेली व्यवस्था’ असा परिच्छेद, हे विभागाच्या बाजूनेच बोलेल.

आता तुम्हाला आजपासून काय करता येईल ते पाहू. सरकारी कार्यालयात आणि विद्यापीठात मागणीपत्राला कोणी बंड म्हणत नाही. म्हणून तुम्ही मागणीपत्र द्या. ‘उन्हाळी सत्रातील प्रात्यक्षिकांसाठी पुढील सुरक्षा साहित्याची आवश्यकता आहे’ अशी सुरुवात करा, गॉगल, आम्लासाठी योग्य हातमोजे, पिपेट फिलर आणि डोळे धुण्याची व्यवस्था एवढ्या वस्तू मागा, आवक क्रमांक घेऊन पोच ठेवा. शक्य असल्यास एखाद्या कायम सेवेतील, विशेषतः निवृत्तीजवळ आलेल्या प्राध्यापकांची सही आपल्या सहीच्या वर घ्या. असे ज्येष्ठ बहुतेक विभागांत एक तरी असतात आणि त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

डोळे धुण्याच्या व्यवस्थेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात घोडे येथेच अडते. डोळ्यात रसायन गेल्यास पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान 15 मिनिटे सतत पाणी सोडावे लागते. यासाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानकात मिनिटाला किमान दीड लिटर प्रवाह धरला आहे, म्हणजे एका वेळेला साधारण 23 लिटर पाणी. मामांना मिळाले ते चार-पाच लिटर, तेही थांबत थांबत. ज्या मराठवाड्यात 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ‘नळ आहे ना’ या भरवशावर आम्ल उघडता येत नाही. परंतु 23 लिटर हा आकडा आपल्या आवाक्याबाहेरचा नाही. विजेशिवाय, केवळ उंचीच्या दाबावर चालणारी डोळे धुण्याची टाकी बाजारात मिळते. ती येईपर्यंत 25 लिटरचा, खाली तोटी असलेला नवा कॅन कमरेच्या वर बसवून त्याला मऊ, स्वच्छ नळी लावा, प्रवाह हलका राहील असे पाहा आणि त्यावर ‘फक्त डोळ्यांसाठी’ असे ठळक लिहा. पाणी पिण्यायोग्य असावे आणि दर आठवड्याला बदलावे. बोअरचे पाणी नको, त्यातील क्षार तोटीत साचतात. हा उपाय तात्पुरताच आहे. अंगावर मोठ्या प्रमाणात आम्ल सांडल्यास लागणारा शॉवर 15 मिनिटांत हजाराहून अधिक लिटर पाणी घेतो, आणि त्यासाठी गच्चीवर स्वतंत्र टाकी हवी. ती मागणी विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाकडे जायला हवी आणि तिचा पाठपुरावा विभागप्रमुखांनीच करायला हवा.

कॅन येईपर्यंत तुमच्या तुकडीला एकच नियम लावा. पाणी नसेल त्या दिवशी आम्ल, अल्कली उघडायचे नाही. त्या दिवशी आकडेमोड, वर्णपटांचे वाचन किंवा तोंडी परीक्षा घ्या. याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षिकेच्या अधिकारात हे नक्की बसते. येथे अल्कलीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. सोडियम हायड्रॉक्साइड किंवा अमोनिया डोळ्यात आम्लापेक्षाही खोल शिरतात, तरी आपल्याकडे भीती सगळी आम्लाचीच असते.

एप्रिल-मे आहे, म्हणून इथर या ज्वलनशील द्रवाविषयी दोन ओळी. डायएथिल इथर 34.6 अंशांना उकळते. परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या पुढे असताना, पश्चिमेच्या खिडकीच्या, पंखा बंद असलेल्या भांडारखोलीत ती बाटली काय स्थितीत असेल याचा विचार करा. तिची वाफ हवेपेक्षा अडीच पट जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या ठिणगीलाही पोहोचते. यावर उपाय म्हणून बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नये. त्याच्या आतील थर्मोस्टॅटची आणि दिव्याच्या बटणाची ठिणगी स्फोटाला पुरते. फार दिवस उघडून ठेवलेल्या इथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात, त्यामुळे जुनी, कडेला स्फटिक दिसणारी बाटली कोणी हलवूही नये, जाणकाराला बोलवावे. अमोनियाची बाटली उन्हाळ्यात उघडण्यापूर्वी थंड पाण्यात उभी करावी आणि तोंड स्वतःकडे धरू नये. उन्हाळ्यापुरती ज्वलनशील द्रवांची खरेदी कमी ठेवणे हा याहून स्वस्त उपाय आहे.

विद्यार्थ्यांच्या कपड्यांवरही लक्ष ठेवा. फाटकाबाहेर मिळणारा टेरिकॉटचा स्वस्त एप्रन पेटल्यावर वितळून कातडीला चिकटतो, म्हणून एप्रन सुतीच असावा. खेड्यातून एसटीने येणाऱ्या मुली उन्हासाठी बांधलेला स्कार्फ आणि ओढणी तशीच ठेवून बर्नरजवळ उभ्या राहतात. त्या दाराशीच काढून ठेवण्यासाठी खुंट्या लावल्या तर रोज ओरडावे लागणार नाही. हे वाचणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी, रात्री एकट्याने प्रयोग चालवणे हे चिकाटीचे लक्षण आहे ही समजूत सोडावी. मार्गदर्शकांनीही तिचे कौतुक थांबवावे.

शेवटचे काम मामांबरोबर बसून करण्यासारखे आहे. प्रत्येक रसायनाबरोबर पुरवठादाराकडून सुरक्षा माहितीपत्रक मिळते. त्यात 16 भाग असतात, आणि तुमच्या मामांच्या दृष्टीने प्रथमोपचाराचा चौथा, साठवणीचा सातवा आणि संरक्षक साधनांचा आठवा हे भाग महत्त्वाचे आहेत. ही पत्रके इंग्रजीत असल्यामुळे ती विभागाच्या फायलीत राहतात आणि बाटली हाताळणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. विभागात सर्वाधिक वापरली जाणारी दहा रसायने निवडा, प्रत्येकाचा एक कागद मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत तयार करा, आणि लिहिताना मामांना विचारा की ही बाटली प्रत्यक्षात कोठे असते, ती कशी उचलता, कोणत्या भांड्यात ओतता. त्यांच्या उत्तरांतून तुम्हाला कपाटांची जी माहिती मिळेल ती कोणत्याही तपासणी अहवालात नसते. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेली रसायने किती आहेत, हेही तेव्हाच कळेल. ती सापडल्यास त्याच दिवशी लेबल लावून योग्य बाटलीत हलवा. त्यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नसेल तर ती बेसिनमध्ये ओतू नका, वेगळी ठेवून तिची लेखी कल्पना विभागाला द्या.

जुलैत आदेश निघाला नाही, तर तो या मागणीपत्रामुळे निघाला नाही हे सिद्ध करणे कठीण जाईल, आणि मी तुम्हाला तशी हमीही देऊ शकत नाही. पण मागणीपत्राची पोच, स्वतःची तारीखवार नोंद आणि ती दहा पत्रके तुमच्याजवळ असतील. दुसऱ्या महाविद्यालयाच्या मुलाखतीत प्रयोगशाळेच्या व्यवस्थापनाचा अनुभव विचारतात, तेथे ती पत्रके निःसंकोच दाखवा. मामांचा उल्लेख असलेली नोंद मात्र दाखवू नका, आणि ती विभागाच्या संगणकावर न ठेवता घरी ठेवा.